जुन्या भिंतीचा सांधा

दिवा पुन्हा पिवळा झाल्याचं धनराजनं सांगितलं, तेव्हा हर्षला लांजेवार पोळ्या लाटत होती. तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून इतक्या हळू बोलला, की जणू त्यानंच तो दिवा रंगवून ठेवला होता. हर्षलानं शेगडी बंद केली, लाटणं हातातच ठेवलं आणि नव्या खोलीत जाऊन दिव्यासमोर उभी राहिली. सुपारीएवढा दिवा, पण दोन महिने सगळ्या घराला नाचवत होता. काल संध्याकाळी हिरवा होता. आता चांगला हळदीसारखा पिवळा.

“आता काय म्हणणं आहे याचं?” ती म्हणाली.

धनराज तिचा नवरा. त्याच्याकडे सहसा उत्तर नसायचंच, ‘बघू’ असायचं. वीज कंपनीत इंजिनिअर म्हणून आयुष्य काढलेला माणूस, पण घरात कुणाला ‘नाही’ म्हणायची वेळ आली की याचाच फ्यूज उडायचा. हर्षलानं मागं वळून न बघताच त्याला गणवीर ठेकेदाराला फोन लावायला सांगितलं. “बघू,” म्हणून तो गेला.

खैरबोडी हे भंडाऱ्याच्या पुढचं गाव, ग्रॅनाइटच्या खडकावर बसलेलं. अशा खडकात चिमूटभर युरेनियम असतंच. ते फार सावकाश झिजत जातं आणि झिजता झिजता त्यातून रेडॉन नावाचा वायू सुटतो. त्याला ना रंग, ना वास. मातीच्या फटींतून तो वर येतो आणि मोकळ्या हवेत विरून जातो. आजे-पणजे त्याच्यावरच झोपले आणि उठले, पण कुणाला त्याचा पत्ता नव्हता, कारण घरं चाळणीसारखी होती. कौलांतून हवा यायची, खिडक्यांतून जायची. मग उन्हाळे पन्नाशीला टेकायला लागले. दारा-खिडक्यांना रबरी पट्ट्या आल्या, भिंतींना आतून फोम आला आणि आतला गारवा बाहेर जाऊ नये म्हणून घरं डब्यासारखी घट्ट झाकली गेली. गारव्याबरोबर रेडॉनही आत कोंडला. स्वयंपाकघरातला पंखा आतली हवा बाहेर फेकतो. तेवढी हवा कुठून तरी आत यायला हवी, आणि दारं बंद असली की ती जमिनीतून ओढली जाते आणि रेडॉनला बरोबर घेऊनच येते. श्वासातून तो फुप्फुसात शिरला की त्याचे कण तिथं चिकटून बसतात आणि वर्षानुवर्षं आतून इजा करत राहतात.

हे सगळं लक्षात आल्यावर सरकारनं नव्या बांधकामात दिवा सक्तीचा केला. त्याचं सरकारी नाव लांबलचक होतं, लोक ‘दिवा’च म्हणायचे. हवा चांगली असेल तर हिरवा, बेतास बात असेल तर पिवळा आणि वाईट असेल तर लाल. आता पाहुणे चपला काढायच्या आधी दिव्याकडे बघायचे. लग्न जुळवणारे पत्रिकेआधी दिव्याचा रंग विचारायचे. आणि मागच्याच वर्षी आणखी एक नियम आला: नवजात बाळ ज्या खोलीत न्यायचं, तिथला दिवा सलग आठवडाभर हिरवा असल्याचं प्रमाणपत्र असल्याशिवाय दवाखाना बाळाला तिकडे सोडणार नाही.

हर्षलाचा सगळा जीव त्या नियमात अडकला होता. तिची एकुलती एक लेक अन्विता पुण्यात राहायची. दोन वर्षांपूर्वी तिचं पहिलं बाळ पाचव्या महिन्यातच गेलं होतं. आता पुन्हा दिवस राहिले होते, सहावा संपत आला होता. सातव्यात ओटी भरायची आणि लेकीला बाळंतपणासाठी माहेरी आणायचं, हे ठरलेलं होतं. अन्विता स्वतः म्हणाली होती, “आई, या वेळी मला तुझ्याजवळ राहायचंय.” एवढ्या एका वाक्यासाठी हर्षलानं घराला खोली जोडायला काढली. डिंक आणून ठेवला, अळीव आणले, जुन्या मऊ साड्या फाडून दुपटी शिवली. फक्त तो दिवा तेवढा ऐकत नव्हता. पुण्याच्या विहीणबाई मधूनच फोन करून फार गोड आवाजात म्हणायच्या, की काही काळजी करू नका, आमचा फ्लॅट चौदाव्या मजल्यावर आहे, तिथं जमिनीतलं काही पोचतच नाही. त्या गोडव्यानं हर्षलाच्या डोक्यात तिडीक जायची.

खोली बांधणं सोपं होतं. अवघड होता तो सांधा. नव्या खोलीच्या जमिनीखाली जाड काळा प्लास्टिकचा पडदा अंथरला होता, म्हणजे खालचा वायू वर येऊ नये. तीन बाजूंच्या भिंती नव्या, त्यांच्या विटांखालून पडदा सरळ बाहेर काढता आला. चौथी भिंत मात्र जुन्या घराची. धनराजच्या वडिलांनी बांधलेली दगडी, हातभर रुंद. तिच्या दोन्ही बाजूंना दगडांचे थर होते आणि मधल्या पोकळीत चुरा भरलेला. गणवीरनं आधी पडदा या भिंतीच्या गिलाव्यावर चिकटवला. दिवा पिवळा. वायू काय मूर्ख आहे का? समोरून वाट बंद दिसल्यावर तो भिंतीच्या पोटात शिरला आणि चुऱ्यातून वर चढून गिलाव्याच्या भेगांतून खोलीत उतरला. मग गणवीरनं भिंतीला आडवी खाच पाडली, पडदा आत दगडापर्यंत खुपसला आणि पोकळीत पातळ सिमेंट ओतलं. दिवा आठवडाभर हिरवा-पिवळा असा खेळत राहिला. हर्षलाला वाटलं, रस्त्यावरचा सिग्नल तरी बरा, त्याच्या रंगांना काही क्रम असतो.

त्या भिंतीच्या पलीकडे प्रमिलाताईंची खोली होती. या धनराजच्या थोरल्या बहीण. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं, तेव्हापासून माहेरीच होत्या. गुडघ्यांनी दगा दिल्यामुळे जिना चढणं बंद. धनराज आणि हर्षला वरच्या मजल्यावर राहायचे आणि खाली प्रमिलाताईंचं राज्य होतं. अन्विताला त्यांनीच न्हाऊ-माखू घातलेलं, त्यामुळे खोलीच्या बाबतीत त्यांना मत होतं, आणि मत एकच होतं: वास्तुशांत करायची. होम, जेवणं, एवढ्यावर हर्षलाचीही हरकत नव्हती. पण प्रमिलाताईंना आग्नेय कोपऱ्यात वास्तुपुरुष पुरायचा होता. सोन्याच्या तुकड्यावरची प्रतिमा तांब्याच्या डबीत घालून, डबी जमिनीत. म्हणजे नेमका त्या जुन्या भिंतीलगतचा कोपरा आणि त्यात खड्डा.

पडदा अंथरायच्या आधीच हर्षलानं त्यांना पडदा म्हणजे काय हे तीनदा समजावलं होतं. चौथ्यांदा आवाज चढला. ती म्हणाली, की या पडद्याला मी टाचणीसुद्धा टोचू देणार नाही, मग वास्तुपुरुष असो नाही तर आणखी कुणी. प्रमिलाताई म्हणाल्या, की हे जुनं घर बाबांनी घाईत बांधलं, वास्तुशांत राहूनच गेली, आणि त्याचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं आहे. त्यांनी पहिल्या बाळाचं नाव काढलं नाही, पण ते सगळ्यांना ऐकू आलं. हर्षला संतापली. ती काहीबाही बोलली, त्यातलं काही बोलायला नको होतं. प्रमिलाताई गप्प झाल्या आणि गप्पच राहिल्या. आपण जिंकलो असं हर्षलाला वाटलं. या घरात कुणी गप्प बसलं की त्याचा अर्थ काय घ्यायचा, हे तीस वर्षांनंतर तरी तिला कळायला हवं होतं.

दुपारी गणवीर आला. भला माणूस, पण आज तोही चिडलेला होता. हवा कुठून शिरते ते कळावं म्हणून त्यानं खोलीभर उदबत्तीचा धूर फिरवून दाखवला, खाचेतला प्रत्येक वीतभर सांधा दाखवला. हर्षलानं त्याला स्पष्ट विचारलं, की तुम्हाला हे काम येतं का, नसेल तर तसं सांगा. गणवीरनं पेन्सिल कानावरून काढली आणि खिशात ठेवली.

“वहिनी, मी या तालुक्यात चाळीस घरांखाली पडदे अंथरले. एकाचाही दिवा असा नाचून नाही राहिला,” तो म्हणाला. “सारा सांधा परत केला मी. फक्त तो कोपरा तेवढा राहिला.”

“का राहिला?”

“तिथं ताईंची खुर्ची असते.”

हे खरं होतं. काम सुरू झालं की प्रमिलाताई खुर्ची घेऊन आग्नेय कोपऱ्यात येऊन बसायच्या, गुडघे धरून, देखरेखीला. त्यांना उठवायचं म्हणजे दोघांनी धरायला लागायचं, म्हणून कुणी उठवलं नव्हतं. हर्षलाला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. म्हाताऱ्या माणसाला कामाजवळ बसायला आवडतं, एवढंच तिला वाटलं.

नगरपरिषदेच्या हवा विभागातून कटरे मॅडम आल्या त्या दुसऱ्या दिवशी. तिशीच्या, गळ्यात ओळखपत्र, हातात चपट्या टिफिनसारखं यंत्र. भिंतीवरचा दिवा फक्त रेडॉन किती हे सांगतो, पण कुठून येतो हे सांगत नाही, असं त्यांनी समजावलं. रेडॉनचं आयुष्य चार-चार दिवसांचं, तेवढ्यात तो घरभर हिंडून येतो. पण त्याचा एक भाऊबंद आहे, थोरॉन. तो थोरियममधून निघतो, मातीत दोघंही असतात. थोरॉन मिनिटभरही टिकत नाही. जन्मला की लगेच संपायला लागतो, त्याला लांब जायला वेळच मिळत नाही.

“म्हणजे जिथं थोरॉन सापडेल, तिथून हातभर अंतरात भोक आहे असं समजायचं,” कटरे म्हणाल्या.

त्या यंत्र जमिनीलगत धरून भिंतीकडेनं चालू लागल्या. यंत्र मधूनमधून टिकटिक करत होतं. जुन्या भिंतीच्या मध्यावर ते जवळजवळ मुकं झालं आणि गणवीरनं हर्षलाकडे एकदा बघून घेतलं. मग कटरे खुर्चीपाशी पोचल्या. यंत्र टिकटिक करायचं सोडून नुसतं तडतडायला लागलं.

प्रमिलाताई उठायला तयार नव्हत्या. गुडघे दुखतात म्हणाल्या, उद्या या म्हणाल्या. शेवटी हर्षला आणि कटरेंनी त्यांना धरून उभं केलं. गणवीरनं फरशी ठोकून पाहिली आणि छिन्नी लावली. फरशीखालचं काँक्रीट कोपऱ्यात दोन बोटं खचून तडकलेलं होतं. ते फुटलं, खाली काळा पडदा दिसला. पडद्यावर फुलीसारखा सुबक काप होता आणि कापावर विजेची वायर गुंडाळायची काळी टेप चिकटवलेली होती. म्हणजे एकेकाळी चिकटवली असावी. आता तिची चारही टोकं मातीत लोळत होती. कापाखाली तांब्याची डबी.

विजेची टेप. हर्षलाला डबीचा राग आला नाही. तिनं सावकाश वळून नवऱ्याकडे बघितलं.

धनराज भिंतीला टेकून उभा होता. त्यानं नाकारलं नाही. तिला वाटलं, निदान नाकारायला तरी हवं होतं. ती अन्विताच्या सोनोग्राफीसाठी पुण्याला गेली होती, तेव्हा पडदा अंथरून झाला होता आणि काँक्रीट दुसऱ्या दिवशी होतं. ताईंनी मागं लागून लागून त्याला तयार केलं. त्यानं स्वतःच्या हातानं कापलं, पुरलं आणि वरून टेप मारली. ती उत्तम प्रतीची होती, पाण्यातसुद्धा सुटत नाही असं त्याचं म्हणणं होतं. कटरे मॅडमनी अगदी शांतपणे सांगितलं, की धुळीवर कुठलीच टेप टिकत नाही.

“दोन महिने,” हर्षला म्हणाली. “दोन महिने मी या माणसाला शिव्या देऊन राहिली. भिंत फोडली. आणि तुम्ही रोज मला चहा आणून देत होता.”

“सांगणार होतो,” धनराज म्हणाला.

“केव्हा? बारशाला?”

 प्रमिलाताई पुन्हा खुर्चीच्या कडेवर टेकल्या होत्या आणि डबीकडे बघत होत्या. मग त्याच बोलल्या.

“त्याले नको बोलू. मीच त्याच्या मागं लागली. पहिल्या खेपेला पोरगी तीन आठवडे माझ्याच खोलीत झोपली ना. उन्हाळा होता, सारं बंद होतं. इथून गेली आन् मग ते झालं. मले वाटे, घरालेच काही तरी लागलं. या वेळी तरी सारं नीट व्हावं म्हणून केलं मी.”

 हर्षलानं डबी उचलली, पदरानं पुसली आणि धनराजच्या हातात दिली. देवघरात ठेवा म्हणाली. जमिनीच्या वर ठेवलेला देव काही कमी बघत नाही, असंही म्हणाली. प्रमिलाताईंनी मान हलवली. गणवीरची तिनं सगळ्यांदेखत माफी मागितली. गणवीर म्हणाला, की असं आजवर चाळीस घरांत झालं नव्हतं, पण आता पुढं प्रत्येक घरी कोपरा आधी बघीन.

कोपरा उकरला, काप मोठ्या ठिगळानं बंद केला, पडदा भिंतीच्या खाचेत नीट खुपसला. दोन दिवसांनी दिवा हिरवा झाला आणि हिरवाच राहिला. हर्षला जाता-येता दारातून डोकावायची. अन्विताची गाडी ठरली. हर्षलानं डिंकाचे लाडू वळायला घेतले आणि कितीतरी दिवसांनी गुणगुणली. धनराजशी ती अजून मोजकंच बोलत होती, पण लाडू चाखायला त्यालाच दिला.

आठवडा भरल्यावर कटरे मॅडम प्रमाणपत्र द्यायला आल्या. नव्या खोलीत यंत्र गप्प होतं. बाहेर पडताना त्या प्रमिलाताईंच्या खोलीवरून गेल्या आणि बंद करायचं राहिलेलं यंत्र हातात जोरानं वाजायला लागलं. त्या थांबल्या. जुन्या बांधकामाला दिव्याची सक्ती नव्हती, म्हणून या खोलीत दिवा कधी बसलाच नव्हता. कटरेंनी पिशवीतला एक जादा दिवा प्रमिलाताईंच्या उशाशी ठेवला आणि दोन दिवसांनी येते म्हणाल्या.

दोन दिवसांनी तो लाल होता, नुसता लाल.

झालं होतं ते साधंच होतं. खालच्या वायूला वर यायला दोन वाटा होत्या. नव्या खोलीची वाट त्यांनी बुजवली. आता सगळा लोंढा भिंतीखालून जुन्या बाजूला वळला होता, प्रमिलाताईंच्या फरशीच्या भेगांतून वर येत होता. आधीही तिथं बरंच असणार, आता दुपटीनं. हर्षलानं कटरेंना बाजूला घेऊन विचारलं, की पहिल्या वेळी अन्विताचं जे झालं ते याच्यामुळेच का. कटरे म्हणाल्या, की असं कुणीच सांगू शकत नाही, आणि कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. हर्षलाला ते उत्तर आवडलं नाही आणि खरं वाटलं.

चौघंही प्रमिलाताईंच्या खोलीत उभे होते. कटरेंनी उपाय सांगितला: ही फरशी उखडायची, इथंही पडदा घालायचा, जुनी भिंत खालून हातभर-हातभर कापत दोन्ही पडदे भिंतीच्या आरपार एकमेकांना जोडायचे आणि खालचा वायू पाइपानं छतावर काढायचा. दोन महिन्यांचं काम. तोवर खालच्या मजल्यावर कुणी राहायचं नाही, आणि एवढ्या धुळीत बाळंतीण तर वरच्या मजल्यावरही नाही.

“आणि नाही केलं तर?” धनराजनं विचारलं.

“प्रमाणपत्र मी आजही देऊ शकते,” कटरे म्हणाल्या. “नियम बाळाच्या खोलीपुरता आहे. त्या खोलीचा दिवा हिरवा आहे.”

“मग दे ना, बाई,” प्रमिलाताई लगेच म्हणाल्या. “पोरीले येऊ दे. मी इतकी वर्षं इथंच श्वास घेऊन राहिली, मले काय झालं? चार महिन्यांनी काढा फरशी. मी कुठं जात नाही.”

 हर्षलाला मोह झाला. खोटं कशाला सांगा, चांगला झाला. चारच महिने. लेक येईल, या हातांनी तिचं न्हाऊ-माखू होईल, मग काढू फरशी. नियम तिच्या बाजूनं होता, स्वतः ताई तिच्या बाजूनं होत्या, कुणाला बोल लावायला जागा नव्हती. तिनं त्या लाल दिव्याकडे बघितलं. दिवा उशीला टेकून ठेवलेला होता आणि उशीवर प्रमिलाताईंच्या डोक्याचा खळगा पडलेला होता. मग ती इतकी चिडली की तिचं तिलाच नवल वाटलं.

“या घरात प्रत्येकाला माझ्यासाठी काहीतरी गुपचूप सोसायची हौस आहे,” ती म्हणाली. “एक गुपचूप पुरतो, एक गुपचूप विषारी हवा घेते. ताई, तुम्हाला इथं कोंडून मी तिकडे बाळाला तीट लावू? आणि ते बाळ दिवसभर कुणाच्या मांडीवर असणार आहे? तुमच्याच ना? याच खोलीत ना? कटरे मॅडम, नका देऊ प्रमाणपत्र.”

पुढचं तिनं बोलता बोलताच ठरवलं. बाळंतपण पुण्याला होईल, चौदाव्या मजल्यावर. माहेरचं माणूस तिकडे जाईल. ते माणूस म्हणजे प्रमिलाताई. तिथं लिफ्ट आहे, हवा चांगली आहे, आणि अन्विताला ज्यांनी न्हाऊ घातलं त्याच तिच्या बाळालाही घालतील. प्रमिलाताई गांगरल्या. सासरघरी जाऊन माहेरचं बाळंतपण कुणी करतं का, आणि आई असताना आत्यानं काय म्हणून जायचं, असं त्यांचं म्हणणं. तूच जा, मी राहतो फरशीवर लक्ष ठेवून, असं धनराजही म्हणाला.

त्यावर दोघी नणंदा-भावजया एकाच वेळी त्याच्याकडे बघायला लागल्या. धनराजनं फरशीकडे बघितलं. तो विषय तिथंच संपला.

अन्विताला फोन हर्षलानंच केला. लेकीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “मला तू हवी होतीस गं.” हर्षला म्हणाली, की मलाही तूच हवी होतीस, पण आत्याच्या खोलीत लाल दिवा ठेवून मला तुझ्याकडे हसत बघता आलं नसतं. मग रागावल्यासारखं करून तिनं फोन ठेवला आणि देवघरासमोर बसून रडली. विहीणबाईंचा लगेच फोन आला, आम्ही आहोतच म्हणाल्या. हर्षलानं तेही गिळलं. लाडवांचे डबे, दुपटी, शेकासाठी ओवा, सगळं एका पेटीत भरून तिनं प्रमिलाताईंना गाडीत बसवलं. प्रमिलाताई खिडकीतून तिचा हात सोडत नव्हत्या. हर्षलानं त्यांना गुडघ्यांना तेल लावायची आठवण करून दिली.

मग घरात नुसती धूळ. प्रमिलाताईंची खोली उकरून काढली, खडी भरली, पाइप घातला, पडदा आला. गणवीर भिंत खालून थोडी थोडी कापायचा, तेवढ्यात पडदा आरपार काढायचा आणि लगेच वरची फट बुजवायचा, म्हणजे भिंत बसणार नाही. दोन पडद्यांचा प्रत्येक जोड दोन्ही बाजूंनी पट्टी गरम करून चिकटवायचा आणि गार होईपर्यंत दाबून धरायचं. मध्येच हात काढला की आत हवा शिरते, फुगा राहतो, आणि सगळं परत. हर्षला कमरेला पदर खोचून प्रत्येक सांध्यापाशी हजर असायची. तिच्यामुळे मजूर वैतागले. नंतर नंतर गणवीरच म्हणायला लागला, की इथं वहिनींचा हात लावा, त्या सोडत नाहीत.

शेवटचा सांधा आग्नेय कोपऱ्यातला होता. मजूर जेवायला गेले होते. गणवीर पलीकडच्या खोलीत उकिडवा बसून त्याच्या बाजूची पट्टी दाबत होता, अलीकडे हर्षला गुडघ्यांवर बसून दोन्ही तळव्यांनी तिच्या बाजूची. पट्टी नुकतीच लावलेली होती, हाताला चटका बसत होता. तेवढ्यात धनराज फोन घेऊन धावत आला. दिवस भरायला अजून आठवडा होता, पण बाळानं कुणाचं ऐकलं नव्हतं.

त्यानं फोन तिच्यासमोर धरला. कॅमेऱ्यावर त्याचा अंगठा होता. हर्षलानं तो काढायला सांगितलं, तर त्यानं फोन उलटा धरला. फोनवर छत दिसलं, मग विहीणबाईंचा खांदा, मग अन्विताचा थकलेला हसरा चेहरा, आणि मग प्रमिलाताईंची मांडी. मांडीवर हर्षलानं शिवलेल्या दुपट्यात काहीतरी लालबुंद वळवळत होतं.

“मुलगी आहे,” प्रमिलाताई सांगत होत्या. “बघ हर्षला, कशी आतापासूनच पाय आपटून राहिली. तुझ्यावरच गेली.”

हर्षलाला डोळे पुसायचे होते. हात मोकळे नव्हते. तिनं गाल खांद्यावर घासला आणि धनराजवर खेकसली, की अहो फोन सरळ धरा, निदान आज तरी एक गोष्ट नीट धरा. त्यानं दोन्ही हातांनी धरला. 

भिंतीपलीकडून गणवीरचा आवाज आला. “वहिनी, अजून गार नाही झालं. सोडू नका.”

“नाही सोडत,” हर्षला म्हणाली, आणि पट्टी तशीच दाबून धरून, मान वाकडी करून, नातीकडे बघत राहिली.